तेरड्याचा रंग किती दिवस?

बालमित्रांनो, आधी एक काम करा. हा अंक मांडीवर ठेवा आणि तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख उजव्या हाताच्या बोटाने दाबा. घट्ट दाबा. नख पांढरं झालं? आता सोडा. एक... दोन... बघा, पुन्हा गुलाबी झालं!

हा गुलाबी रंग नखाचा नाही बरं का. नख काचेसारखं, जवळजवळ रंगहीन असतं. त्याच्याखालून वाहणारं तुमचं रक्त त्यातून दिसतं. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या हाताला दहा खिडक्या आहेत. मी त्या खिडक्यांना लहानपणी खूप रंग दिले. एकदा तर त्या रंगवताना माझी मोठी चूक झाली. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. आणि सांगता सांगता नखांवर फुलं कशी काढायची, तेही सांगून टाकते.

आमचं घर अमरावतीला, अंबादेवीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. १९९४ साली मी सातवीत होते. महालक्ष्म्या आल्या की गावाकडून आमची आजी यायची आणि कोजागरी करूनच परत जायची. कारण मधला सगळा महिना भुलाबाईचा! पुण्या-मुंबईकडे भोंडला असतो ना, तशी आमच्या वऱ्हाडात भुलाबाई. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी बसतात आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. शेवटी डब्यात झाकलेली खिरापत ओळखायची. ओळखता आली नाही तर यजमानीणबाईंचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका.

भुलाबाईच्या गाण्यांना टाळ्या लागतात, आणि टाळ्या म्हटल्या की हात दिसतात. मग हात नटायला नकोत?

आईने नेलपॉलिशला साफ नकार दिला होता. शाळेत सोमवारी नखं तपासायचे. आजी मात्र हसून म्हणाली, "बाटली कायले पाह्यजे वं? अंगणात तेरडा हाये ना."

तेरडा तुम्ही पाहिलाच असेल. पावसाळ्यात कुठेही उगवतो, गुलाबी-जांभळी फुलं येतात आणि पिकलेल्या बोंडाला हात लावला की फट्‌कन फुटून बिया उडतात. आजीने तांबड्या-गुलाबी पाकळ्या आणि दोन-चार पानं पाट्यावर वाटली. त्यात तुरटीची चिमूट घातली. रात्री झोपताना तो लगदा एकेका नखावर ठेवला, वरून पान गुंडाळलं आणि दोऱ्याने बांधलं. मी दहा बोटांची दहा गाठोडी घेऊन झोपले. सकाळी सोडलं तर नखं नारिंगी! आजूबाजूची कातडीही रंगली होती, पण ती आठवड्याभरात स्वच्छ झाली. नखं मात्र तशीच राहिली.

आता गंमत ऐका. मराठीत म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. फूल झाडावर लवकर कोमेजतं म्हणून ती म्हण पडली. पण हाच रंग नखावर चढला की तीन दिवसांत नाही, चांगले दोन-तीन महिने जात नाही! असं का?

नख केराटिन नावाच्या कठीण पदार्थाचं बनलेलं असतं. केस त्याचेच, गाईची शिंगं आणि खूरही त्याचेच. तेरड्यात आणि मेंदीत केराटिनला घट्ट चिकटून बसणारी रंगद्रव्यं असतात. कातडी सारखी वरून झडते आणि खालून नवी येते, म्हणून तिच्यावरचा रंग उतरतो. नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. तो झडत नाही, फक्त मुळाकडून पुढे ढकलला जातो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला जवळपास ६ महिने लागतात. पायाचं त्याहून आळशी. त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. रंगवलेल्या नखाच्या मुळाशी आधी पांढरी कोर दिसते, ती रोज सरकत जाते आणि रंग शेवटी कातरीतून निघून जातो.

हे आमच्याकडेच नाही हं. दूर कोरियातल्या मुलीही उन्हाळ्यात तेरड्याने आणि तुरटीने नखं रंगवत आल्या आहेत. पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर मनातली इच्छा पूर्ण होते, असं त्या मानतात. जपानीत तेरड्याचं एक नावच 'त्सुमाबेनी', म्हणजे नखांची लाली. आणि हिंदीत तेरड्याला म्हणतात गुलमेहंदी! सगळ्या आज्यांना एकच युक्ती कशी सुचली असेल, नाही?

पण दोस्तहो, मन मोठं लबाड असतं. तेरड्याने एकच रंग येतो. मला फुलं हवी होती, ठिपके हवे होते, पट्टे हवे होते. सहामाही परीक्षा संपली आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मुंबईहून आत्या आली. तिच्या पिशवीत तीन बाटल्या होत्या : लाल, पांढरी, मोरपिशी. आईने कपाळाला हात लावला, पण आत्यासमोर काय बोलणार? "शाळा सुरू व्हायच्या आत काढायचं," एवढीच अट.

घ्या, आता कृती सांगते. तुम्ही करणार असाल तर आईला किंवा ताईला शेजारी बसवा.

सगळ्यात आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नखं कापा. खूप खोल नको, कडेला थोडी कोर ठेवा. मग खिडकीजवळ बसा, कारण पॉलिशचा वास नाकात भरून ठेवायची गोष्ट नाही. आणि जवळपास पेटलेली शेगडी, गॅस, निरांजन नको, कारण पॉलिश आणि ते काढायचं पाणी दोन्ही चटकन पेट घेतात.

पहिला हात पातळ द्या. मधे एक ओढ, मग डावीकडे एक, उजवीकडे एक. तीन ओढीत नख संपलं पाहिजे. जाड थर दिला की वरून सुकतो, आत ओला राहतो आणि मग चादरीची नक्षी आपोआप उमटते. तो थर पूर्ण सुकला की दुसरा पातळ हात. दोन्ही सुकेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आमच्या घरी नेमकं तेव्हाच पाणी भरायचं काम निघायचं!

आता नक्षी. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या पॉलिशचा थेंब घ्या. केसाच्या पिनेचं गोल टोक त्यात बुडवा आणि नखावर अलगद टेकवा. झाला ठिपका. गोलात पाच ठिपके आणि मधे लाल रंगाचा सहावा, झालं फूल. फडा झाडूची हिराची काडी बुडवून ओढली की देठ. सरळ पट्टा हवा असेल तर सुकलेल्या रंगावर सेलोटेपच्या दोन बारीक चिंध्या लावा, मधल्या फटीत रंग भरा आणि ओला असतानाच टेप उचला. रांगोळीत आपण ठिपके जोडतो ना? इथे रांगोळी करंगळीच्या नखाएवढी, एवढाच फरक.

उजव्या हाताने डावा हात छान रंगतो. डाव्या हाताने उजवा रंगवताना मात्र फुलाचा कोबी होतो. म्हणून मैत्रीण लागते. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी ओळीने माझ्यासमोर बसू लागल्या आणि मला वाटलं, मीच काय ती मोठी कलावंत!

त्याच आठवड्यात बाबांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि मी बाटलीकडे बघतच राहिले. हे नेलपॉलिश कशाचं बनतं, ठाऊक आहे? कापसाचं! खरंच. कापसात बहुतेक सगळं सेल्युलोज असतं. त्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. जिनिंगनंतर सरकीला जे बारीक तंतू चिकटून राहतात, तेही त्यासाठी चालतात. लाकडाच्या लगद्यापासूनही ते करतात. १८४६ च्या सुमारास श्योनबाइन नावाच्या शास्त्रज्ञाने ते शोधलं. आधी त्याचा उपयोग झाला स्फोटकं बनवायला! नंतर ते द्रवात विरघळवून चकचकीत रंग तयार झाले. १९२० च्या दशकात मोटारगाड्यांना हे रंग लागले, आणि तसाच लखलखाट बायकांच्या नखांवरही आला. बाटलीतला द्रव हवेत उडून जातो, त्याचाच तो वास. मागे उरते ती कापसापासून बनलेली पातळ चकचकीत झिल्ली. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केलं आणि देशी बाटल्या मिळू लागल्या.

हे मी आजीला सांगितलं तर ती डोळे मोठे करून म्हणाली, "बाप्पा! म्हंजे मी येचलेला कापूस पोरी नखाले लावतेत?"

आजी दरवर्षी कापूस वेचायची. कमरेला ओटी बांधायची, पऱ्हाटीच्या तासातून वाकून चालायचं आणि दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं काट्यासारखी असतात. तिच्या नखांच्या कडा कायम चिरलेल्या असायच्या. ती हात नेहमी पदराखाली ठेवायची.

मी म्हटलं, "आजी, आण इकडे हात. तुझ्या कापसाचं फूल तुझ्याच नखावर काढते."

"नको वं. हे हात काय रंगवाचे हात हायेत?"

पण तिने हात पुढे केला. मांडीवर घेतला तर तो थंड होता. इतकी वर्षं त्या हाताने मला भाकर दिली, वेणी घातली, पण मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. नखं पांढुरकी होती. कागदासारखी पातळ. आणि एक विचित्र गोष्ट होती. तुमचं नख बघा, मधे थोडं उंच असतं, उलट्या होडीसारखं. आजीचं नख मधे खोलगट होतं. कडा वर आणि मधे खळगा, चमच्यासारखं. मी लाल रंगाचा थेंब टाकला तर तो ओघळला नाही. तिथेच थांबला.

मला काय वाटलं सांगू? सोयीचं वाटलं! रंग कडेला पसरत नव्हता, फूल अगदी मधोमध बसत होतं. मी दहाही नखं रंगवली, खळगे रंगाने भरून सपाट केले आणि कुणाला काही बोलले नाही. आजी संध्याकाळी भुलाबाईत पहिल्यांदा पदराबाहेर हात काढून टाळ्या वाजवत होती. मला किती आनंद झाला होता!

कोजागरीच्या रात्री सगळे गच्चीवर. दूध आटवलेलं, चंद्र डोक्यावर. आजी जिना चढून आली आणि शेवटच्या पायरीवरच बसली. धाप लागली होती. "काई नाई, जरा डोयापुढे अंधारी आली," म्हणाली. बाबा म्हणाले, "माय, किती दिवसांपासून होते असं?" ती गप्प. मग कळलं, दोन वर्षांपासून होत होतं. कापूस वेचताना ती तासाच्या कडेला बसून घ्यायची आणि पुन्हा उठायची. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली आणि मग म्हणाले, "नखं दाखवा, आजी."

आजीने दोन्ही हात पुढे केले. दहाच्या दहा नखांवर लालचुटूक रंग आणि पांढरी फुलं!

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तिथेही तीच फुलं होती. म्हणजे गुन्हेगार सापडला. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "फुलं छान काढली आहेस. पण मला खिडकीतून आत बघायचं होतं आणि तू पडदे लावून ठेवलेस. काढता येतील?"

मी घरापर्यंत पळत गेले. बाटली आणि कापसाचा बोळा घेऊन आले. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकेक फूल पुसलं. रंगाखालून ती पांढुरकी, खोलगट नखं पुन्हा वर आली. डॉक्टरांनी मधल्या बोटाच्या नखावर पाण्याचा थेंब टाकला. तो तिथेच थांबला. "बघितलंस? असं नख झालं की आम्ही शरीरातलं लोह कमी झालंय का, ते तपासतो," ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. तो थेंब मी आठवड्यापूर्वी पाहिला होता! पाण्याचा नव्हे, लाल रंगाचा. सगळ्यात आधी मला दिसलं होतं, आणि मीच ते झाकून टाकलं होतं.

रक्त तपासलं. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं, आजीचं साडेसहा निघालं. पुढच्या तपासणीत पोटात अंकुशकृमी निघाले. हे जंत ओलसर घाणेरड्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रोज थोडं थोडं रक्त पितात. आजी आयुष्यभर शेतात अनवाणी चालली होती. शिवाय जेवणावर लगेच चहा, आणि चहामुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणात लिंबू पिळायला सांगितलं, चहा जेवणापासून दूर नेला. बाबांनी शेतात घालायला चपला आणल्या. चहावरून आजीने खूप वाद घातला. चपलांवरून त्याहून जास्त.

त्या रात्री मी आजीजवळ झोपले आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मला दिसलं होतं गं. मी बोलले नाही."

ती म्हणाली, "मले दोन वर्स झाले समजून, मी तरी कुठं बोलली? आता दोघी बी बोलत जाऊ."

मग सुरू झाली आमची पाहणी. आजी गावी गेली, पण येणं-जाणं असायचं. संक्रांतीला आली तेव्हा नखाच्या मुळाकडून एक सपाट, गुलाबीसर पट्टी वर आलेली दिसत होती. पुढचा भाग अजून खोलगटच. अक्षय तृतीयेला खळगा टोकाकडे सरकला होता. म्हातारपणी नखं जरा हळू वाढतात. आणि १९९५ च्या महालक्ष्म्यांना आली तेव्हा आजीने पिशवी ठेवायच्या आधी हात पुढे केले. सगळी नखं नवी! मी पाण्याचा थेंब टाकला, तो लगेच ओघळून गेला. आम्ही दोघी एवढ्या हसलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. नखं रंगवा, हवी तेवढी फुलं काढा, पण डाव्या अंगठ्याचं नख कोरं ठेवा. आणि डॉक्टरकडे जाताना सगळाच रंग काढून जा. आता बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतात ना, तो ऑक्सिमीटर १९७४ साली जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पुढे आणला. त्याचा प्रकाश नखातूनच जातो, आणि काळ्या-निळ्या गडद रंगाने त्याचा आकडा कधीकधी चुकू शकतो.

घाबरू मात्र नका हं. नखावर पांढरा ठिपका दिसला म्हणजे आजार नव्हे. बहुतेक वेळा नखाला कुठे तरी मार लागलेला असतो. कॅल्शियम कमी झालं म्हणून ठिपके पडतात, हा समज चुकीचा आहे. आणखी एक सांगते. जत्रेत झटपट रंगणारी काळी मेंदी मिळते ना, ती लावू नका. खरी मेंदी काळी नसते. काळ्या रंगासाठी त्यात केसांच्या कलपातलं रसायन मिसळतात, आणि त्याने कातडीवर फोड येऊ शकतात. लहान भावंडं बोटं तोंडात घालत असतील तर त्यांना पॉलिश नकोच. त्यांच्यासाठी आपली मेंदी किंवा तेरडा, तोही नखं धुतल्यावर.

त्या वर्षी भुलाबाईला मी आजीला विचारलं, "लाल काढू की मोरपिशी?"

ती अंगणात गेली, पदरात तेरड्याची फुलं घेऊन आली आणि पाट्याजवळ बसली. म्हणाली, "हाच लाव. तुह्या बाटलीचा रंग चार दिसांत उडते. हा दिवाई पाह्यते."

मी नऊ नखांना लगदा बांधला. अंगठा तिने स्वतःच मागे घेतला होता.

आज संध्याकाळी तुमच्या आजीचा हात मांडीवर घ्या. रंग नसला तरी चालेल. आधी नुसता बघा, नख दाबून सोडा, एक... दोन... मोजा. आणि काही वेगळं दिसलं, तर माझ्यासारखं गप्प बसू नका बरं!